खालाच्या सांदणांचं पान

इंटरनेटवर लिहून पोट भरायचं तर नुसतं चांगलं लिहून भागत नाही, हे कळायला मला पस्तिशी उलटावी लागली. तोवर मी आपली एकेक वाक्य घासूनपुसून लख्ख करत बसायचे. काल्हेरला गोदामं भाड्यानं देणारी एक कंपनी आहे, ती माझी पहिली नेमाची क्लायंट. त्यांच्या वेबसाइटसाठी मी लेख लिहायचे. पावसाळ्यात खाडीचं पाणी कुठवर चढतं आणि कुठल्या बाजूच्या गोदामात माल कोरडा राहतो, यावर एकदा मी अगदी मन लावून लिहिलं. कंपनीतल्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, लेख झकास आहे. पण सापडत नाही कुठे."

"सापडत नाही म्हणजे? वेबसाइटवर टाकलाय ना?"

"टाकलाय हो. पण शोधणाऱ्याला दिसला पाहिजे. तुम्ही जरा एसइओ शिकून घ्या."

ते 'जरा' त्यांनी अशा थाटात म्हटलं, की जणू चहात फक्त साखर घालायची राहिली आहे. मला राग आला. राग आला की मी हट्टानं ती गोष्ट शिकते, ही माझी जुनी खोड. त्याच आठवड्यात मी एका ऑनलाइन वर्गात नाव घातलं. शिकवणारी बाई ठाण्याची होती, बोलायला तुफान. पहिल्याच तासाला तिनं सांगितलं, "तुम्हाला काय सांगायचंय ते विसरा. समोरचा माणूस शोधताना कुठले शब्द टाइप करेल, त्याचा विचार करा. तो शब्द म्हणजे कीवर्ड. तो तुमच्या लेखात असला तर तुम्ही सापडाल, नाहीतर नाही."

म्हणजे मी माझ्या अंगणातल्या गोष्टी सांगायच्या, त्या परक्याच्या तोंडातल्या शब्दांत. खाडी नाही, गोदाम नाही, कोरडी जागा नाही; 'वेअरहाऊस ऑन रेंट' लिहायचं. मी नाक मुरडत लिहिलं आणि लेख वर आला. साहेब खूश. मी मात्र दिवसभर कुणीतरी माझी भाषा बदलून नेल्यासारखी घरात फिरत होते.

दुसऱ्या तासाला घरचा अभ्यास मिळाला. कुठला शब्द लोक किती वेळा शोधतात हे दाखवणारी एक सोय असते, तिच्यात आपल्या जवळचा एखादा शब्द घालून बघायचा. मी 'भिवंडी' घातला. गोदाम, कपडा, पिनकोड, आज पाऊस पडेल का, सगळं निघालं. माझी भिवंडी त्यात कुठेच नव्हती. मग हात आपोआप चालले आणि मी तिचं नाव घातलं.

ती म्हणजे माझी मैत्रीण. नारपोलीत आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीला भिंत लावून होतं. आम्ही आगरी, वडिलांची थोडी शेती दिघाशीला. ते कोकणी मुसलमान, भिवंडीत आमच्यापेक्षाही जुने. घरामागच्या शेडमध्ये त्यांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालायचे. तिच्या आईला मी खाला म्हणायचे, आणि मी म्हणते म्हणून माझी आईही तिला खालाच म्हणायची. लूमच्या खडखडाटात दोघी भिंतीवरून ओरडून बोलायच्या. कधी लाइट गेली आणि लूम थांबले, तरी सवयीनं तशाच ओरडत राहायच्या, आणि अख्ख्या गल्लीला कुणाच्या घरी काय शिजलंय ते कळायचं.

मैत्रीण आणि मी वाचनालयातून एकच पुस्तक आणायचो. माळ्यावर पालथं पडून दोघींनी एकदमच वाचायचं. ती भराभर वाचायची, मी रेंगाळत. पानाच्या शेवटाला पोचली की ती कोपरा चिमटीत धरून माझी वाट बघायची, आणि वाट बघताना तोंडानं "चल गं, चल गं" असं चालूच. तेव्हा मला तिचा वैताग यायचा. आज कुणी तसं कोपरा धरून माझी वाट बघेल तर मी त्याच्या पाया पडेन.

आमच्या दोन घरांमध्ये एक डबा फिरायचा. म्हणजे डबे बरेच होते, पण रीत एकच, की डबा रिकामा परत करायचा नाही. त्यांच्याकडून बिर्याणी आली की आमच्याकडून भाकऱ्या आणि सुकटाची चटणी जायची. आमच्याकडून होळीच्या पोळ्या गेल्या की त्यांच्याकडून काहीतरी गोड यायचं. त्यामुळे हिशेब कधी मिटायचाच नाही. नेहमी कुणाचा तरी डबा कुणाकडे असायचाच, आणि तो असायचा म्हणून जाणंयेणं असायचं.

ईदला खाला सांदणं करायची. आमच्याकडे सांदण म्हणजे फणसाचं, पिवळं. खालाची पांढरीशुभ्र. तांदूळ नारळाबरोबर वाटायचे, फुगण्यासाठी त्यात थोडी ताडी, आणि छोट्या वाट्यांत घालून वाफवायची. मी आणि मैत्रीण पातेल्याभोवती घुटमळायचो, झाकण उचलून बघायला हात शिवशिवायचे. खाला हातावर चापटी मारायची. "झाकण काढू नको, बाय. त्यांना लाज वाटते. लाजली की बसतात खाली."

मैत्रिणीचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर आखातात गेली. माझं लग्न जमता जमेना, मग मी जमवणंच सोडलं. काही वर्षं तिचे फोन यायचे. मग लूमचा धंदा बसला. खालाच्या घरचे लूम भंगारात गेले, टेम्पोत घालून नेले तेव्हा शेडच्या फरशीवर त्यांच्या जागेचे काळे चौकोन उरले. घर विकून खाला आपल्या मुलाकडे राहायला निघाली. निघायच्या आदल्या दिवशी तिनं ईद नसताना सांदणं केली आणि डबा आमच्याकडे पाठवला. आईनं ठरवलं, सकाळी उठून वडे करायचे आणि डबा भरून द्यायचा. पण टेम्पोवाला लवकर आला. आई पीठ मळत होती, तोवर ते गेलेसुद्धा. पिठाचे हात घेऊन आई दारात उभी राहिली, ते मला आज लिहितानाही बघवत नाही.

मग खालाच्या मुलानं घर बदललं, नंबर बंद झाला. मैत्रिणीचाही नंबर लागेनासा झाला. कुणी सांगायचं ती परत आली, कुणी सांगायचं तिकडेच आहे. तिचं नाव असं, की हाक मारली तर एका गल्लीतून चौघी बाहेर येतील. फोटोंच्या त्या सगळ्या साइटींवर मी शोधून थकले. त्यांच्या घराच्या जागी आता साड्यांचं गोदाम आहे. डबा आमच्या फडताळात आहे. आई तो रिकामा ठेवत नाही. त्यात मूठभर तांदूळ असतात, आणि दिघाशीहून नवा तांदूळ आला की जुना काढून नवा घालते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्याचा डबा हाय. रिकामा कसा ठेवायचा?"

तर मी त्या सोयीत मैत्रिणीचं नाव घातलं, आणि अर्थातच काही हाती लागलं नाही. पण त्या दिवशी डोक्यात एक किडा शिरला. आजवर मी तिला शोधत होते. हा वर्ग तर मला सापडायचं कसं ते शिकवत होता. मग तिनंच मला शोधलं तर? ती काय शोधेल? माझं नाव टाकणार नाही. मी कुठे काय लिहिते हे तिला माहीतच नाही. पण परक्या देशात ईद जवळ आली, शेजारी खाला नाही, वाटीत पीठ फुगत नाही, अशा वेळी ती काय टाइप करेल?

'सांदण' असं टाकून बघितलं, तर फणसाची पिवळी सांदणं आली आणि त्याच उच्चाराच्या एका दरीत दोर लावून उतरणाऱ्या लोकांचे फोटो आले. त्या गर्दीत ती मला काय सापडणार आणि मी तिला काय. मग मी माझ्या स्वतःच्या ब्लॉगवर एक पान लिहायला घेतलं. मथळा दिला, 'नारपोलीच्या खालाची पांढरी सांदणं'. तांदूळ, नारळ, ताडी, वाट्या, सगळं लिहिलं. झाकणाची लाज लिहिली. माळा लिहिला, कोपरा चिमटीत धरून बसलेली मुलगी लिहिली, शेड लिहिली. नियमाप्रमाणे मथळ्यातले शब्द मजकुरात पेरले, आणि पहिल्यांदाच शब्द पेरताना मला लाज वाटली नाही.

शिकवणाऱ्या बाईनं पान बघितलं. "लिहिलंयस छान. पण हे शोधणारं कुणी नाही. आकडा बघ, शून्य आहे. मेहनत कशाला वाया घालवतेस?"

"सरावासाठी," मी म्हटलं. एका माणसासाठी लिहिलंय असं सांगितलं असतं, तर तिनं मला पुन्हा पहिल्या तासाला बसवलं असतं.

पान टाकल्यावर बरेच दिवस काहीच झालं नाही. पानावर कुणी आलं की आकडा दिसतो, कुठल्या शहरातून आलं, किती वेळ थांबलं तेही कळतं. मी रोज बघायचे आणि रोज शून्य. आणि मग एका दुपारी तिथे एक वाचक दिसला. शहर, भिवंडी. मोबाइलवरून. आणि तो माणूस पानावर इतका वेळ थांबला होता, की मला वाटलं यंत्र चुकलं. पाककृतीच्या पानावर लोक येतात, साहित्य बघतात आणि पळतात. हा वाचक दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नेहमी दुपारी, आणि तसाच रेंगाळत.

माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ती आली. ती भिवंडीत आहे. आणि रोज दुपारी कामं आवरून आमचा माळा वाचत बसते. मग नंबर का नाही शोधत, दार का नाही वाजवत? मी तिच्या वतीनं उत्तरंही तयार केली. संकोचत असेल. इतक्या वर्षांनी कसं यायचं म्हणत असेल. मी बाजारात, रिक्षा स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत बायकांचे चेहरे न्याहाळत फिरायला लागले. एकदा एका बाईच्या चालीवरून खात्रीच पटली, आणि मी तिच्या मागे मागे थेट कपड्यांच्या दुकानात शिरले. ती वळली तर कुणी भलतीच. "क्या हुआ बहन?" म्हणाली. मी दोन रुमाल विकत घेऊन बाहेर आले.

घर आवरलं. पडदे बदलले. चांगले कप वरच्या फळीवरून खाली काढले.

आई बघत होती. "कोन येनार हाय का?"

"छे. कोण येणार?"

तिला मी मुद्दामच सांगितलं नाही. माझी आशा फोल गेली तर मी चिडचिड करून मोकळी होईन. तिची फोल गेली तर ती गप्प बसेल, आणि ते मला सोसवणार नव्हतं.

अशात वर्गात आकडे वाचायचा तास आला. शिकवणारी बाई हसत म्हणाली, "सगळ्यांची पहिली चूक एकच असते. आपल्याच घरातून आपलंच पान उघडायचं, आणि ट्रॅफिक वाढलं म्हणून पेढे वाटायचे. आधी सेटिंगमध्ये जाऊन आपलं घर वगळा. घरचं वायफाय ज्या ज्या फोनला लागतं, ते सगळे मोजणीतून बाहेर. घरची माणसं वाचक नसतात."

मी माझा लॅपटॉप केव्हाच वगळला होता. इतकी काही मी कच्ची नव्हते. तरी तिच्या सांगण्यावरून शिस्तीत सगळं घर वगळलं आणि पुढच्या अभ्यासाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचक आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. गेली, मला वाटलं. माहेरपणाला आली असेल, परत गेली. आपण दुकानांतून बायकांमागे हिंडत बसलो आणि ती गेलीसुद्धा. मी जेवले नाही. वगळण्याचा आणि तिच्या न येण्याचा काही संबंध असेल, हे मला सुचलंच नाही. सुचू द्यायचं नव्हतं म्हणा.

तिसऱ्या दुपारी पाणी प्यायला म्हणून उठले. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. कुणाशी तरी अगदी आर्जवानं बोलत होती. बघते तर पलंगावर बसलेली, माझा जुना फोन तोंडाजवळ धरलेला. भजनं लावायला म्हणून मीच तिला बोलून शोधायला शिकवलं होतं.

"नारपोलीच्या खालाची सांदनं दाखव, बाय," ती फोनला सांगत होती.

आणि माझं पान आलं. सगळ्यात वर, पहिल्या नंबरवर. तिनं चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, एकेक शब्द सुटा करत ती वाचायला लागली. झाकणाच्या लाजेपाशी आली आणि हसली. थांबली. तीच ओळ पुन्हा वाचली.

मला आधी राग आला. कुणाचा ते सांगता येईना. आईचा नव्हता, पण आला. इतके दिवस मी जिची वाट बघत होते ती नव्हतीच. माझ्याच घरातली चटईइतकी ओळखीची माणसं मला शहराच्या नावानं दिसत होती. मग राग विरला आणि रडू आलं, तेही मैत्रिणीसाठी की आईसाठी ते कळलं नाही. मी तिच्याशेजारी बसले.

"आई, हे रोज वाचतेस?"

"जेवल्यावं. डोला लागंपर्यंत." तिनं फोनवरची नजर काढली नाही. "तूच लिवलंस ना? मना वाटलं, सांगशील कवातरी."

"तुला सापडलं कसं पण?"

"इच्यारलं त्याला. तिचा फोटू बगायचा व्हता मना. फोटू न्हाय आला, ह्याच आला." तिनं बोट झाकणाच्या ओळीवर ठेवलं. "पन ह्यात ती बोलतेय. बरूबर तिच्यावानी बोलतेय."

मैत्रिणीच्या तोंडात कुठले शब्द येतील, याचा मी महिनाभर विचार केला होता. ते शब्द माझ्या आईच्या तोंडात तयार होते. भिंतीवरून ओरडून बोलायला तिलाही कुणी उरलं नव्हतं, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. माझी मैत्रीण गेली म्हणून मी हळहळत राहिले. आईचीही गेली होती. ती फक्त तांदूळ बदलत राहिली.

"तिनं वाचलं असंल का गो?" आईनं विचारलं.

"नाही, आई. आकडा दिसतो. तुझ्याशिवाय कुणी आलेलं नाही."

ती पान बोटानं खाली खाली सरकवत शेवटाला गेली. "आन डबा? डब्याचं कायच न्हाय लिवलंस?"

नव्हतं लिहिलं. वर्गात शिकवलं होतं की पानाच्या शेवटी वाचकानं काय करायचं ते स्पष्ट सांगावं. आजच फोन करा, इथे दाबा, असं. गोदामांच्या लेखांखाली मी ते डोळे मिटून लिहायचे. या पानाखाली काय लिहावं ते सुचलं नव्हतं, म्हणून शेवट तसाच सोडला होता.

"सांग, काय लिहू?" मी लॅपटॉप आणला.

आईनं पदर सारखा केला. खाला भिंतीपलीकडे उभी आहे अशा आवाजात, जरा मोठ्यानंच, तिनं सांगितलं. "लिव. डबा आमच्याकडं हाय. रिकामा न्हाय. ये आन घेऊन जा."

मी तसंच्या तसं लिहिलं. एकही शब्द सुधारला नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन वगळलेलं घर पुन्हा मोजणीत घेतलं. शिकवणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते म्हणू दे.

"आता दिसंल ना तिना?"

"दिसेल. तिनं शोधलं तर."

आईनं फोन पुन्हा हातात घेतला, चष्मा नाकावर वर सरकवला आणि पान पहिल्यापासून लावलं.

"शोधंल," ती म्हणाली. "मी न्हाय शोधत?"